आवाज वाढवून ऐका

मशीनवाल्यांच्या दुकानात शिलाई मशीन आणलं की गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ते हात वर करून म्हणायचे, "थांबा, तुम्ही नका सांगू. तिला सांगू दे." मग चाक फिरवायचे, मान तिरकी करायचे आणि निदान करायचे. सुई बोथट झाली की कापडात शिरताना ठप्प वाजते, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली कापसाची गुठळी अडकली की खरखर येते. चाळीस वर्षं हे असं चाललं. मशीनचं झाकण उघडून शोधाशोध करणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना ते मनातून जरा कमीच लेखायचे. तसं ते बोलूनही दाखवायचे म्हणा.

आणि मग गेल्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या बाई नीट केलेलं मशीन घेऊन परत आल्या. "अहो, अजून टकटक करतंय की!" मशीनवाल्यांनी चाक फिरवलं, मान तिरकी केली. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. "नव्या तेलाचं आहे ते, बसेल हळूहळू," असं त्यांनी ठोकून दिलं. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा हजर! या वेळी मशीनवाले म्हणाले, "राहू दे चार दिवस इथेच." मशीन कोपऱ्यात गेलं, वर फडकं आलं आणि चार दिवसांचे आठवडे, आठवड्यांचे महिने झाले.

बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कानाने काम करणाऱ्या माणसाचे कान गेले हे एकदा गावभर झालं की दुकानाची फळी उघडायची कशाला?

म्हणून ते एका अभ्यासक्रमाला गेले. इंटरनेटवर कुणालाही फुकट शिकता येईल असा लहान यंत्रांच्या दुरुस्तीचा वर्ग होता. त्यात नव्या संगणकी मशीनांचे धडे होते, आणि ती मशीनं म्हणे आपली तक्रार पडद्यावर आकड्यात लिहून दाखवतात. लिहून दाखवणारं मशीन! मशीनवाल्यांना एवढंच हवं होतं. लेकीने फोनवरून नाव नोंदवून दिलं. टाइप करायला बायको होतीच. तिने उभा जन्म एका कार्यालयात टंकलेखन केलेलं, आणि मशीनवाल्यांचं एक बोट अक्षर शोधत फिरेपर्यंत चहा थंड व्हायचा.

पण वर्गाचा एक नियम होता. शिकायचं तर शिकवायचंही. प्रत्येकाने एक पाठ लिहायचा. शिवाय तो पाठ उघडा राहणार, म्हणजे वर्गातल्या कुणीही त्यात बदल करावा. काढलेलं लाल दिसेल, घातलेलं हिरवं.

"हे काय धर्मशाळा आहे?" मशीनवाले म्हणाले.

"लिहायचंय की नाही?" बायको म्हणाली.

त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं. चार दोष, चार आवाज. आवाज ध्वनिमुद्रित करून जोडले. कोणता आवाज नीट आलाय हे मात्र ते दर वेळी बायकोलाच विचारत होते. "तुझा कान सामान्य माणसाचा, म्हणून विचारतो," असं वर! पाठ चढला, बारा जणांनी वाहवा केली, आणि मशीनवाले दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी एक प्रश्न आला. विचारणारी एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या पाचव्या रांगेत बसायची आणि वर्गात तिने नावही 'पाचवी रांग' असंच घेतलं होतं. "पाठातलं मला काही कळलं नाही. दुसरा मार्ग आहे का?"

"लिही," मशीनवाले म्हणाले, "आवाज वाढवून ऐका. लक्ष देऊन ऐकलं की गाढवालाही कळतं."

बायकोने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. गाढव गाळलं आणि बाकीचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाठ उघडतात तो काय, लालच लाल! 'कान द्या' खोडून 'तळहात ठेवा' केलेलं. चारही आवाजांखाली हिरव्या ओळी. मशीनवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षांच्या विद्येत कालच्या पोरीने नाक खुपसावं? जुना मजकूर परत आणायचं बटण होतं, तेवढं त्यांच्या एका बोटालाही जमलं. संध्याकाळी पुन्हा हिरवं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा हिरवं, आणि या खेपेला शेजारी टिपण होतं. बायकोने ते समोर बसून मोठ्याने वाचून दाखवलं.

"काका, मी आवाज वाढवला. मला जन्मापासून ऐकू येत नाही. पण तुमचे चारही दोष मी रोज ओळखते. पाठ चुकलेला नाही, माझ्यासारखीला अपुरा आहे, म्हणून भर घातली. आधीच सांगितलं असतं तर तुम्ही मला बिचारी म्हणाला असता आणि पुढचं वाचलंच नसतं."

मशीनवाल्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली. आवाज वाढवून ऐका म्हणे, आणि सांगतंय कोण! पण त्या लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. ठोका तळहातात येतो म्हणजे कुठे येतो? बोटांत की मनगटाजवळ?

"लिही," ते म्हणाले. "आधी माफी लिही. मग माझे अकरा प्रश्न आहेत."

उत्तरादाखल चित्रफीत आली. चेहरा नाही, नुसते दोन हात. डावा तळहात मशीनच्या माथ्यावर, उजव्या हाताची दोन बोटं सुईच्या दांड्याशेजारी. खाली सूचना: "कानात कापूस घालून करा. नाहीतर कान मध्ये मध्ये करतात." मशीनवाल्यांनी अगदी थोडासाच कापूस घेतला.

पहिले तीन दिवस हाताला नुसती थरथर लागली. पायाने चालवायचं मशीन, खाली लोखंडी सांगाडा, सगळंच हलणार! कारखान्यातली टेबलं जड असतात, तिला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मग मशीनवाल्यांनाच सुचलं. पट्टा काढला, पायाखालचा पायटा मोकळा सोडला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. सांगाडा शांत झाला. त्यांनी हे पाठात हिरव्यात घातलं. पलीकडून लगेच उत्तर: "हे मला माहीत नव्हतं! घरच्या मशीनवर आज करून बघते."

तेव्हा कुठे त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनवरचं फडकं काढलं. पट्टा उतरवला, तळहात ठेवला, चाक फिरवलं. काही नाही. हात थोडा खाली सरकवला, शटलच्या कप्प्यावर, जिथे खालचा दोरा फिरतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक ठोका बोटाच्या टोकाला लागत होता. एकदा, पुन्हा, पुन्हा. कप्पा उघडला तर आतला एक स्क्रू अर्धा आटा ढिला. एवढासा स्क्रू, आणि त्याच्यापायी एक माणूस वर्षभर आपल्याच दुकानात चोरासारखा वावरत होता! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्क्रू आवळला आणि हात पुन्हा ठेवून पाहिला. ठोका गेला होता.

त्या संध्याकाळी पाठ पुरा करायचा होता. वरच्या बाजूला दोघांची नावं घातली. त्याखाली एक रकाना रिकामा होता: हा पाठ कुणासाठी?

बायको बोटं तयार ठेवून बसली होती. मशीनवाल्यांनी घसा साफ केला, चष्मा पुसला, चहा मागितला, समोरच असलेला चहा प्यायला.

"लिही. ज्यांना ऐकू येत नाही, किंवा कमी येतं, त्यांच्यासाठी." ते थांबले. "आणि पुढे लिही, लिहिणाऱ्यालाही वर्षभरापासून कमी ऐकू येतं."

बोटं एका दमात चालली. कुठे अडखळली नाहीत.

"अगं, तुला काहीच वाटलं नाही?"

बायकोने पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे चेहरा वळवला, ओठ नीट दिसतील असा. "वर्ष झालं, स्वयंपाकघरातून हाक मारायची सोडून मी दर वेळी तुमच्यासमोर येऊन बोलते. तुम्हाला काय वाटलं, या वयात प्रेम उतू चाललंय?"

मशीनवाल्यांना खरोखरच तसं वाटलं होतं.

"ते पण आहेच," ती म्हणाली. "सांगा, पुढे काय लिहू?"