पहिल्या पानावरची काट

तेव्हा मी बारामतीत गणित शिकवत होतो आणि पुण्याची पदवी असल्यामुळे शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असं मानत होतो. राग तर नाकाच्या शेंड्यावर. एका दुपारी इंदापूरकडच्या कालव्यावरचे एक पाटकरी शाळेत आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. चार इयत्ता शिकलेला, शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या लावून देणारा माणूस. हातात वही.

"मास्तर, अकरा-तेरा, सतरा-एकोणीस, अशा मूळ संख्यांच्या जोड्या कधी संपत न्हाईत, ह्ये मी ताडून बघितलंय. बरोबर असंल तर पुण्याच्या कॉलेजात धाडा. तेवढीच एक आस हाय."

त्यांनी आकडे पाळ्यांसारखे मांडले होते. दोनाची पाळी दर दोन दिवसांनी, तिनाची दर तीन. ज्या दिवशी आधीच्या कुणाचीच पाळी नाही, तो दिवस मूळ संख्येचा. पाचव्या पानावर मला चूक सापडली आणि, खरं सांगतो, आनंद झाला. दोन पाळ्या एकाच दिवशी आल्या की कालव्यावर एक पुढं ढकलतात. तात्यांनी आकड्यांनाही हवं तिथं तसंच ढकललं होतं. पाचाची पाळी तिसाव्या दिवशी अडली म्हणून एकतिसाव्या, मग पुढची पस्तीसऐवजी छत्तीस. साताचीही तशीच, अठ्ठाविसाव्यावरून एकोणतिसाव्या, मग छत्तीस. पस्तीस मोकळा, सदतीस मोकळा, झाली जोडी.

"पाच साते पस्तीस हे शेंबड्या पोरालाही कळतं," मी सगळ्या शिक्षकांसमोर म्हणालो. "आकडे काय तुमच्या वशिल्याचे आहेत, पुढं सरकायला?" सगळे हसले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मी लाल शाईनं काट मारत गेलो. पहिलं पान वरवरच पाहिलं होतं.

"व्हय, चुकलंच," तात्या म्हणाले आणि वही घेऊन गेले.

दोन वर्षांनी मूळ संख्या कधी संपत नाहीत, याचा जुना पुरावा वर्गात सांगत होतो. हाताशी असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, एक मिळवा. त्यांतल्या एकीनंही त्याला भाग जात नाही, म्हणजे नवी मूळ संख्या लागतेच. फळ्यावर लिहिताना हात थांबला. तात्यांच्या पहिल्या पानावर हेच होतं. सगळ्यांच्या पाळ्या एका दिवशी आल्या की दुसऱ्या दिवशी त्यांतल्या कुणाचीच नसते, नवा गडी लागतो. पुस्तक न बघता या माणसानं ते शोधलं होतं.

रविवारी मोटारीनं इंदापूरला गेलो. तात्या कालव्याच्या कडेला बसले होते. "तात्या, पहिलं पान बरोबर होतं. गाढव मी. वही द्या, स्वतः पुण्याला नेतो."

"वही त्याच दिशी कालव्यात सोडली, मास्तर. जोड्यांचं चुकलं, त्येचं काय न्हाय. पन पहिल्या पानाची मला खात्री हुती. त्येच्यावरबी काट बघितली, तवा वाटलं, बरोबर काय ह्येच आपल्याला कळत न्हाय. तवापासनं आकड्याला हात लावला न्हाय."

परत लिहा म्हणालो. नकारार्थी मान हलवली त्यांनी. "तुमी पोरास्नी सांगा. एका पाटकऱ्यालाबी सुचलं हुतं म्हणावं."

पुढं वीस वर्षं मी तो पुरावा शिकवला. दरवेळी पुस्तकातलाच. तात्यांचा सांगायचा तर माझी काटही सांगावी लागली असती.