बरोबरीची शिट्टी

गादीवाल्याचा संघ आजवर एकदाही हरला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, मग गिऱ्हाईक गादीचं माप द्यायला आलेलं असो की उशी परत करायला. संघ कधी जिंकलाही नव्हता, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नसे, आणि विचारतंय कोण?

युक्ती अगदी सोपी होती. दर रविवारी सकाळी दुकानामागच्या मैदानात गल्लीतली मुलंमुली जमायची, त्यांचे दोन भाग व्हायचे आणि फुटबॉल सुरू व्हायचा. शिट्टी गादीवाल्याच्या गळ्यात. दोन्ही बाजूंचे गोल सारखे झाले की तो ती फुंकायचा. एक बाजू पुढे असली की खेळ चालूच. एकदा बरोबरी काही केल्या होईना. ऊन डोक्यावर आलं, आया आपापल्या पोरांना न्यायला येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा रेफरी असलेल्या गादीवाल्याने स्वतःच धावत जाऊन मागे पडलेल्या बाजूसाठी गोल मारला आणि त्याच दमात शिट्टी फुंकली. सगळे हसत घरी गेले. सगळ्यांनी हसत घरी जावं, एवढंच त्याचं फुटबॉलचं शास्त्र होतं.

त्या शास्त्राला गाद्यांची जोड होती. गोलच्या दोन्ही खांबांपाशी तो एकेक जुनी गादी अंथरायचा. गोलकीपर होती त्याची भाची. चेंडू यायच्या आधी तिची आरोळी मैदानभर जायची, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. ती अशी झेप घ्यायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, आणि थेट गादीवर पडायची. पडल्यावर चेंडू पोटाशी धरून जरा वेळ लोळायचीसुद्धा. ती त्याला मामा म्हणे, म्हणून सगळा संघ त्याला मामा म्हणे, आणि बघता बघता गिऱ्हाइकंही म्हणू लागली.

मामा कुठेही गेला तरी बसण्याआधी खुर्ची, सोफा, बाकडं, जे असेल ते मुठीने दाबून बघायचा आणि नापसंतीने मान हलवायचा. एकदा एका आजारी माणसाला भेटायला गेला, त्या बिचाऱ्याला कुशीवर वळवलं, त्याच्याखालची गादी दाबली आणि "दुखणं पाठीत नाही, कापसात आहे," असं सांगून चहा न घेताच निघून आला. लोक भेटल्यावर "कसे आहात?" विचारतात, हा "झोप लागते ना?" विचारायचा. जगात कुणाला काही टोचू नये असं त्याला अगदी मनापासून वाटे. दाभण घेऊन दिवसभर टाके घालणाऱ्या माणसाला टोचणं म्हणजे काय हे इतरांपेक्षा जास्तच कळत असणार.

पण खरं कारण वेगळं होतं आणि ते फक्त त्याच्या ताईला ठाऊक होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, टिटवीची आई. ती दुकानात खोळी शिवायची, आणि तिच्या मशीनपेक्षा तिची जीभ जोरात चालायची. लहानपणी मामाही गोलकीपर होता. आयुष्यात एकच स्पर्धा खेळला. त्यात एक साधा, घरंगळत आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून आरामात आत गेला आणि संघ हरला. वडील हसले, शेजारी हसले, दूधवालासुद्धा हसला. दुसऱ्या दिवशी तो मैदानावर गेला नाही, तिसऱ्या दिवशीही गेला नाही, आणि मग गेलाच नाही. पोर एकदा हरलं की मैदानाला मुकतं, हे तेव्हापासून त्याच्या मनात घट्ट बसलं होतं.

म्हणून एके दिवशी टिटवी दुकानात येऊन "मामा, आम्हाला दुसऱ्या कुणाशी तरी खेळायचंय," असं म्हणाली तेव्हा त्याचा टाका चुकला.

"एकमेकांशी खेळताय त्यात काय वाईट आहे?"

"वकील कुठे मारणार हे त्याने पाय उचलायच्या आधीच मला कळतं. तो कायम डावीकडेच मारतो."

वकील हा संघाचा फॉरवर्ड. खेळापेक्षा भांडण्यात त्याचा वेळ जास्त जाई म्हणून हे नाव.

"म्हणजे तू हुशार झालीस की," मामा म्हणाला.

"म्हणजे दोघंही होते तिथेच आहेत," ताई खोळीतून मान वर न काढता म्हणाली.

मामाने विषय उशांवर नेला. पण योग असा की त्याच आठवड्यात एका शाळेचे खेळाचे सर दुकानात आले. त्यांच्या मैदानावर मुलांची फुटबॉल स्पर्धा होती, बाहेरगावचे संघ शाळेच्या सभागृहात झोपणार होते, त्यांच्यासाठी गाद्या हव्या होत्या. मामा आत गाद्या बघायला गेला. तेवढ्यात ताईने सरांकडून काढून घेतलं की एक संघ ऐनवेळी गळलाय. मामा बाहेर आला तेव्हा गाद्याही ठरल्या होत्या आणि संघही.

"ताई, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग?"

मामा गाद्या मोजायला लागला.

स्पर्धेच्या दिवशी त्याने टेम्पोत दोन गाद्या जास्तीच्या टाकल्या आणि मैदानावर पोचताच गोलमध्ये अंथरल्या. रेफरी धावत आला. तो पेशाने दाताचा डॉक्टर होता, त्यामुळे माणसांच्या काकुळतीची त्याला सवय होती.

"हे काय आहे?"

"गाद्या."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"पोरगी पडेल ना."

"पडणारच. गोलकीपर आहे ती."

"नियमात कुठे लिहिलंय, गादी चालत नाही म्हणून?"

रेफरीने वाकून गादी दाबून पाहिली. "गादी उत्तम आहे," तो म्हणाला. "उचला."

त्या कौतुकाने मामा विरघळला आणि त्याने गाद्या उचलल्या.

सामना सुरू झाला. पहिला चेंडू डावीकडे आला. टिटवीने डावीकडे पाहिलं, तिथे नुसती जमीन दिसली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. दुसरा उजवीकडे आला, तिथेही जमीनच होती. पलीकडे वकिलाचे डावीकडचे फटके समोरच्या गोलकीपरने दुसऱ्याच खेपेला ओळखले आणि मग ती ते जांभई देत अडवू लागली. शेवटी सहा गोल खाऊन, एकही न मारता मामाचा संघ हरला. रेफरीने शिट्टी फुंकली, समोरचा संघ नाचायला लागला.

मामाची पोरं मात्र हलली नाहीत. वकिलाने चेंडू उचलून मैदानाच्या मधोमध ठेवला आणि तो तयारीत उभा राहिला.

"सामना संपला, बाळा," रेफरी म्हणाला.

"कसा संपेल? आमचे सहा गोल बाकी आहेत अजून."

"वेळ संपली."

"वेळेचा काय संबंध? बरोबरी कुठे झालीय?"

मैदानाभोवती हशा पिकला. पोरांनी मामाकडे पाहिलं. मामाने आभाळाकडे पाहिलं, जणू पावसाचा अंदाज घेतोय. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. एवढी वर्षं त्याने पोरांना पास शिकवला, कॉर्नर शिकवला, पण खेळ संपतो हे काही शिकवलं नव्हतं. आणि लोक हसत होते ते पोरांना.

प्रत्येक संघाला अजून दोन सामने होते. मामाने ठरवलं, पुरे झालं. पोरांना झाडाखाली बसवून तो टेम्पो आणायला गेला. रेफरीला सांगायला कारणही तयार ठेवलं, की सगळ्यांच्या पोटात दुखतंय. परत येऊन बघतो तर झाडाखाली कुणी नाही. गेली, घरी गेली पोरं, आता कसली येतात मैदानावर!

पोरं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सापडली, ज्यांच्याशी हरली होती त्यांच्याच घोळक्यात. वकील एका चिमुरड्या खेळाडूशी हुज्जत घालत होता, "पायाखालून चेंडू ओढून वळतोस ते परत दाखव. हळू. नाही, अजून हळू!" आणि तो दाखवतही होता. पलीकडे त्यांची उंच गोलकीपर टिटवीला पडायला शिकवत होती.

"कोपरावर नको पडूस. आधी मांडी, मग कंबर, मग खांदा. चेंडू छातीशी."

टिटवी पडली. मामाने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती उठून उभी होती.

"परत," उंच मुलगी म्हणाली.

मामा धावत टेम्पोकडे गेला आणि एक गादी कवेत घेऊन आला. "टिटवे, लागलं का गं?"

"लागलं. मामा, बाजूला हो ना, पडायचंय मला."

गादी कवेत घेऊन मामा बाजूला झाला. एवढा बिनकामाचा तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

दुसरा सामनाही ते हरले, पण कमी गोलांनी. तिसऱ्या सामन्यात टिटवी उघड्या जमिनीवर झेपावली आणि तिने चेंडू खांबाबाहेर ढकलला. तेव्हा ताई अशी ओरडली की टिटवीने आवाज कुठून आणलाय हे सगळ्या मैदानाला कळलं. वकिलाने जन्मात पहिल्यांदा उजवीकडे फटका मारला; समोरचा गोलकीपर फसला, पण चेंडू खांबाला लागून परत आला. एका गोलाने हरले. तिन्ही सामने हरले.

परतताना टेम्पोच्या मागे नुसता गोंधळ चालला होता. टिटवी मात्र पुढे मामाशेजारी सोललेलं कोपर धरून बाहेर बघत होती. एक शब्द बोलली नाही. त्या एका स्पर्धेहून परतताना मामाही असाच गप्प होता.

आठवडाभर ती दुकानात फिरकली नाही. एरवी शाळा सुटली की कापसाच्या ढिगावर उडी मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"काय करते ती?" मामा रोज विचारायचा.

"खोलीत असते, दार लावून," ताई म्हणायची आणि मशीन चालू करायची.

मामाला घास जाईना. लोकांना "झोप लागते ना?" विचारणारा हा माणूस स्वतःच्या उत्तम गादीवर तळमळत पडायचा.

रविवारी त्याने गोलमध्ये होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गाद्या अंथरल्या. पोरांची वेळ झाली तरी मैदान रिकामं. मामा एका गादीवर बसला. ती दाबून बघायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

मग आरोळी आली. कोपऱ्यावरून सगळी फौज येत होती, सगळ्यांच्या पुढे टिटवी आणि मागून ताई. टिटवीने येताच मामाला उठवलं आणि एकेक गादी ओढून मैदानाबाहेर टाकली.

"या नकोत आता. आणि शिट्टी घड्याळ बघून वाजव."

"तू... तू आठवडाभर कुठे होतीस?"

"पडत होती," ताई म्हणाली. "दार लावून. खालच्या मजल्यावरच्या आजी दोनदा विचारून गेल्या, तुमच्याकडे रोज कपाट पडतंय का म्हणून. मला म्हणाली, जमेपर्यंत मामाला सांगू नकोस, गादी घेऊन येईल."

मामाला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याने दोन्ही गिळून दोन बाजू पाडल्या. वकिलाच्या बाजूला एक जण कमी पडत होता.

"मामा, तू आमच्या गोलमध्ये," वकील म्हणाला.

"मी? अरे, माझं वय काय, माझं वजन काय!"

"उभा राहा," ताई म्हणाली. "आणि या वेळी पाय जवळ ठेव."

मामा उभा राहिला. एकेक गोल झाला होता आणि वेळ संपत आली होती, तेव्हा टिटवीच्या बाजूच्या एकाने साधासा फटका मारला. चेंडू घरंगळत आला. मामाने पाय जवळ घेतले, आधी मांडी, मग कंबर, मग खांदा अशी सगळी सामग्री उजवीकडे पाडली आणि चेंडू डावीकडून आत गेला.

पडल्या पडल्या त्याने मुठीने जमीन दाबून पाहिली. मग घड्याळ पाहिलं आणि शिट्टी तोंडात धरली.

"मामा, थांब! दोन मिनिटं दे, बरोबरी करतो!" वकील ओरडला.

समोरच्या गोलमधून टिटवी त्याच्याकडे टक लावून बघत होती. मामाने शिट्टी फुंकली. चांगली लांबलचक फुंकली.

वकील घरी पोचेपर्यंत भांडत होता. "पुढच्या रविवारी बघतो तुम्हाला," हे तो प्रत्येकाला वेगवेगळं सांगून गेला.

मामा फाटका सदरा, मातीने भरलेली विजार अशा थाटात दुकानात शिरला. एक जुनं गिऱ्हाईक नवी गादी न्यायला येऊन बसलं होतं.

"काय मामा, संघ अजून हरला नाही ना?"

"हरला की! आत्ताच हरलो," मामाचा चेहरा नुसता फुलला होता. "माझ्यामुळेच. चेंडू असा इकडून आला, आणि मी पडलो तिकडे. खरं तर असं पडायला पाहिजे होतं. थांबा, दाखवतो."

आणि त्या गिऱ्हाइकाची नवी गादी बाजूला सारून तो दुकानाच्या फरशीवर पडला.