डोंगरे सरांचा दुसरा कागद

डोंगरे सर आठवीच्या वर्गात रिकाम्या हाताने कधी आले नाहीत. खांद्याच्या पिशवीत इंग्रजी कागद, आणि प्रत्येक विषयाचे दोन. एकदा संत्र्याच्या कलमांचे काढले. नर्सरीचं पत्रक म्हणे तीन वर्षांत फळ, सरकारी पत्रक म्हणे पाच. "एका कागदावर भुलू नोका पोट्टेहो! दुसरा आना, मंग बोला." दोन्हींतला फरक इंग्रजीत सांगायचा आणि मधे 'व्हेअरॅज', म्हणजे 'तर उलट', आलंच पाहिजे. विसरलं की सर डस्टर आपटत, "तुयं व्हेअरॅज कुठी गेलं?" आम्ही मुली अंजनगावच्या बाजारात भाजीवालीलाही व्हेअरॅज ऐकवायचो. आगाऊपणा नुसता!

पुढे माझं लग्न निघालं. अकोल्याच्या एका मुलाचा इंग्रजी बायोडाटा आला. इंजिनिअर, वय अठ्ठावीस, दहा एकर संत्रा. मी वाचून दाखवला तर बाबा दहा एकरांवरच हरखले. मग शेंदूरजनाघाटची मैत्रीण शालू भेटली. तिच्याकडेही हाच मुलगा सांगून आलेला. तोच फोटो, तोच शर्ट! तिच्या कागदात मात्र वय बत्तीस, चार एकर, आणि इंजिनिअरचा पत्ताच नाही. तो कागद मी मागून आणला.

पाहण्याच्या दिवशी पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा असतानाच मी दोन्ही कागद समोर ठेवले. "यात अठ्ठावीस, व्हेअरॅज यात बत्तीस." पाहुणे पोहे टाकून उठले.

बाबा असे भडकले की विचारू नका! मला घेऊन थेट सरांच्या घरी. "मास्तर, काय शिकवलं पोरीले? आता हिले पाहाले कोन येइन?"

सरांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले. "फरक बराबर काढला. आता हिचा कागद दाखवा."

बाबांनी खिशातून माझा बायोडाटा काढला. तोही इंग्रजीत, टायपिंगवाल्याकडून करून घेतलेला. सरांनी एक ओळ मराठीत सांगितली, "मुलगी लाजाळू, कमी बोलणारी." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "व्हेअरॅज?"

बाबा पोट धरून हसायलाच लागले. सरांनी लाल पेनने ती ओळ खोडून वर इंग्रजीत लिहिलं: लय बोलते, कागद तपासते. बाबा म्हणाले, "राहू द्या तसंच." पुढच्या स्थळाला तोच कागद गेला.

सर गेल्या वर्षी वारले. फार आठवतात हो. तो लाल पेनचा कागद माझ्या नवऱ्याने जपून ठेवलाय. अमरावतीहून मला पाहायला आला तेव्हा बायोडाट्यासोबत दहावीची मार्कशीट त्याने न मागताच माझ्यापुढे ठेवली होती. इंग्रजीत पस्तीस होते.