लाल पट्ट्याची नळी

बारानंबर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. विमानातून छत्रीने उतरणाऱ्या तोफखान्यात तो फिटर होता, आणि बारा नंबरचा पाना तेव्हापासून त्याच्या खिशात आहे. लग्नातही होता, असं वहिनी सांगतात. फोटोत खिसा फुगलेला दिसतो, तेव्हा एवढं तरी खरं असावं. वहिनींच्या बाकीच्या गोष्टींची हमी मी घेत नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या तुकडीचा इतिहास छापून घरी आला. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. मी सहज डोकावलो होतो, म्हणजे वास जेवणाचा आला म्हणून. बारानंबरने एकशे बारावं पान वाचलं आणि घास ताटात परत ठेवला.

‘तिसरी तोफ उतरताना गहाळ झाली. तिचे चार जवान तोफेपर्यंत पोहोचू शकले नाहीत.’

“पोहोचले नाहीत म्हणे. मग माझ्या शेजारी मेलं कोण, हे लिहिणाऱ्याचा बाप?”

“जेवताना शिव्या नकोत,” वहिनी म्हणाल्या.

“शिवी नाही, चौकशी आहे.”

त्याचं खरंच होतं. ती तोफ अख्खी टाकत नसत. नळी एका छत्रीला, नळी ज्यावर बसते तो गाडा दुसरीला, चाकं तिसरीला. खाली ज्याने त्याने आपले तुकडे हुडकून जोडायचे. घोळ नको म्हणून एका तोफेच्या सगळ्या भागांवर एकाच रंगाचा पट्टा: तिसरीचा लाल, चौथीचा पिवळा. त्या दिवशी वारा फिरला. लाल गाडा खडकावर फुटला, पिवळी नळी नदीत गेली, आणि चौथीची माणसं पार पलीकडच्या काठावर जाऊन पडली. बारानंबरने लाल नळी पिवळ्या गाड्यावर चढवली. तिसरीच्या गड्यांनी ती दुपारभर चालवली. चौघं तिथेच पडले. मग मोजणीला एक तरणे अधिकारी आले. त्यांनी गाड्यावरचा आकडा पाहिला, नळीकडे मान वळवण्याचे कष्ट घेतले नाहीत. चौथी हजर, तिसरी गहाळ. बारानंबरने तेव्हापासून तीन अर्ज केले. उत्तर एकच: नोंदीप्रमाणे.

ते अधिकारी पुढे मोठे साहेब होऊन निवृत्त झाले, आणि हे पुस्तकही त्यांनीच लिहिलंय.

त्या चौघांतल्या एकाची बहीण आमच्या गल्लीत शिवणकाम करते. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायाही तिला विचारायच्या, “भाऊ झुडपात बसून राहिला होता ना गं?” चाळीस वर्षं ती मान खाली घालून मशीन चालवत आली.

रविवारी संग्रहालयात पुस्तकाचा समारंभ होता. तीच तोफ दाराशी उभी, हिरव्या रंगात चकचकीत. बारानंबर शिवणकामवालीला घेऊन गेला. मी गेलो चहासाठी आणि भांडण बघायला. कशाला खोटं बोलू?

“तुझ्या भावना समजतात मला,” साहेब बारानंबरला म्हणाले. “पण पुरावा लागतो.”

“भावना घरी ठेवल्यात साहेब. पाना आणलाय.”

पहारेकरी येईपर्यंत त्याने पान्याच्या कडेने नळी खरवडली. हिरव्याखाली लाल. मग वाकून गाडा खरवडला. हिरव्याखाली पिवळा. सगळा मांडव तोफेभोवती जमला. चहावालाही किटली धरून उभा राहिला, ह्याचं मला तेव्हा वाईट वाटलं.

शिवणकामवालीने लाल पट्ट्यावर तळहात ठेवला आणि काढेचना.

साहेबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.”

“पुढची कधी?” तिने विचारलं.

“बघू, चारपाच वर्षांत.”

“मला अठ्ठ्याहत्तर चालू आहे,” ती म्हणाली. “माझ्याकडे शिवण चुकली तर मी त्याच कपड्याची उसवते, साहेब. गिऱ्हाइकाला पुढच्या कपड्यापर्यंत थांबवत नाही.”

साहेब लाल झाले. समारंभात तिला मिळालेलं पुस्तक घेऊन त्यांनी ती दोन वाक्यं खोडली आणि वर लिहिलं: ‘तिसरीचे चौघे लाल नळीच्या तोफेवर लढताना पडले. मोजणीत चूक माझी.’ खाली सही. पेन खिशात ठेवू लागले, तोच बारानंबरने टेबलावरचा पुस्तकांचा सगळा गठ्ठा त्यांच्यापुढे ओढला आणि वरच्या प्रतीचं एकशे बारावं पान उघडून धरलं.

“सगळ्या?” साहेब म्हणाले.

“सगळ्या. आणि अक्षर नीट काढा. मागच्या वेळी घाईच नडली होती.”

साहेब खुर्ची ओढून बसले. बारानंबर रागाने एकेका प्रतीचं एकशे बारावं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवत राहिला.