विजेचा वेग

आमच्या घरी झेंडूचा पहिला तोडा बहिणीच्या हातून होतो. लेकीचा हात लागल्याशिवाय फुलं बाजारात जात नाहीत. मी दर्यापुरात घरी बसून कॉम्प्युटर गेमच्या लेव्हल बांधायला लागलो, तेव्हा तिनं तिथंही हाच नियम लावला. नवी लेव्हल आधी ती खेळणार, मग लेव्हल पुण्याच्या गेम कंपनीला जाणार.

काम तसं गमतीचं. नदी वाहताना दिसते, पण चित्रातला एक ठिपकाही हलत नाही. एडिटरमध्ये रंगांची घरं असतात. निळ्याच्या घरात आकाशी येतो, आकाशीच्या घरात पांढरा, आणि डोळ्यांना वाटतं पाणी चाललंय. नदी तिला फार आवडली होती. मग कंपनीनं वीज मागितली. आभाळाचे सगळे रंग एका झटक्यात पांढरे, लगेच काळे, पुन्हा पांढरे. मी नुसता नमुना करून पाठवला तर निरोप आला, वीज मरतुकडी वाटते, वेग वाढवा.

वेग वाढवला आणि मीच चटकन मान फिरवली. बहिणीला फिट येतात, त्या लुकलुकत्या उजेडानं येतात. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावल्यापासून लग्नात डीजेचे दिवे लागले की आम्ही तिला घेऊन मंडपाबाहेर पडतो. आता तोच उजेड मी घरात तयार करत होतो. "अजून झालं नाही," म्हणून मी तिला टाळत राहिलो.

एकदा फुलं घेऊन अमरावतीला गेलो होतो. परतताना जीपमध्ये तिचा मेसेज आला, 'विजेवाली खेळून राहिली.' फोन लावला, तिनं उचलला नाही. आईबाबा शेतात. जीपवाला आणखी सीट भरायला थांबला, तर मी त्याच्यावर असा ओरडलो की शेजारची म्हातारी बिचकून सरकली. मला ती फरशीवर पडलेलीच दिसत होती.

घरात शिरलो तर ती खुर्ची मागे सरकवून बसलेली. एका तळहातानं एक डोळा गच्च झाकलेला, दुसरा हात कीबोर्डवर. मी धावत जाऊन कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

"अक्कल गहाण टाकली काय? फोन काहून नाही उचलला?"

"एक हात डोयावर, एक खेळात. फोन काय पायानं उचलू?" ती म्हणाली. "लुकलुक झाली तर एक डोया झाकायचा, हे डॉक्टरनं मलेच सांगतलं होतं. गोयी बी घेतली आहे."

 तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

"फिट मले येते दादा, अन् थरथरून तू राहिला. तुमी सारे माह्याकडं असे पाहून राहता ना, त्याचीच मले जास्त भीती वाटते."

मला राग आला. मी विजेचा वेग निम्म्यावर आणला, कंपनीला कळवलं की वीज आता अशीच राहील, पटत नसेल तर दुसरा माणूस बघा. मग पडदा पुन्हा सुरू केला. ती खेळायला लागली. मी शेजारी बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"दादा," ती मान न वळवता म्हणाली, "माह्याकडं नको, तिकडं पाह्य."

मी पडद्याकडे पाहिलं. तिथं नजर ठेवणं मला फार जड गेलं.