नळ, खानावळ आणि एजाजसरांचं मौन

चहा बशीत ओतायचा, निवला की परत कपात घेऊन प्यायचा. खडू नवा असला तरी मोडूनच वापरायचा. दारात कुणी ‘मे आय कम इन’ म्हटलं की ‘आलातच की’ म्हणायचं. विद्यार्थी चुकला की चष्मा पुसायचा. चुकीच्या इंग्रजीची पाटी दिसली की थांबून पूर्ण वाचायची आणि काही न बोलता पुढे जायचं. घरी आल्यावर मात्र बोलायचं.

एजाजसर शाळेतून निवृत्त झाले. खडकीतल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, ते संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. मी इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं. नोकरी शोधता शोधता त्यांच्याकडे गप्पांना जाऊ लागले आणि मैत्री झाली.

दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसला तो सुटेना. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ती काढून तपासायला पाठवली. तोवर बोलायचं नव्हतं. कुजबुजायचंसुद्धा नाही.

“लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला बोलायला मिळणार,” अमिनाबी म्हणाल्या. त्या सरांच्या पत्नी. मी त्यांना चाची म्हणते. बोलताना त्या एकच वाटी पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

वर्ग बंद राहील असं मला वाटलं होतं. सरांनी खूण करून ती वाटी मागून घेतली. वर चमचा. एक ठोका म्हणजे बरोबर, दोन म्हणजे चूक. फळ्यावर इंग्रजीत ‘रन’ लिहिलं. ज्याने त्याने आपल्या घरचं एक वाक्य आणायचं, हा त्यांचा जुना नियम.

अवधूत कुरिअर पोचवतो. तो म्हणाला, “आय रन टू द लिफ्ट.” एक ठोका.

यमुनाबाई खानावळ चालवतात. “आय रन अ खानावळ.” सर जरा थांबले. एक ठोका.

“बाई, तुम्ही कधी धावलात?” अवधूतने विचारलं.

“गॅस संपला की धावते. सरांनी ठोका दिलाय ना, मग तू गप.”

मी सर्दीचं वाक्य सांगितलं. नाक वाहतं, त्यालाही तेच क्रियापद. एक ठोका.

मग सर उठले, आत गेले आणि नळ सोडला. चाचींनी लगबगीने पाण्याचा पेला पुढे केला. दोन ठोके.

“पाणी वाया घालवू नका,” चाची म्हणाल्या. “बोलता येत नाही म्हणून काहीही करायचं का?”

सर फळ्याकडे आले. त्यांनी नळाचं चित्र काढलं, त्याखाली थेंब, थेंबापासून एक बाण. बाण अर्ध्यावर असताना चाचींचा फोन वाजला. रिपोर्ट तयार होता.

सरांनी यायला मान हलवून नकार दिला. चाची आणि मी रिक्षाने दवाखान्यात गेलो. लिफाफा त्यांनी माझ्याकडे दिला.

“तू वाच, ऋतुजा. तुझं इंग्रजी शिकलेलं आहे.”

मी अवघड कविता वाचल्या आहेत. त्या पानावरची अक्षरं मात्र जागेवर राहीनात. शेवटची ओळ पुन्हा वाचली.

“गाठ साधी आहे. कॅन्सर नाही.”

“परत सांग.”

परत सांगितलं. चाची बाकावर बसल्या. चपला काढून पाय मोकळे केले.

“भूक लागली गं,” म्हणाल्या.

घरी वर्गातलं कुणी हललं नव्हतं. चाचींनी दारातूनच सांगितलं. सरांनी वाटी वाजवली. एकदाच. मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

मी शब्दकोश उघडला. या क्रियापदाच्या जुन्या अर्थांत ‘वाहणे’ सापडलं. म्हणजे नळ बरोबर होता. पण वाहत्या पाण्यापासून यमुनाबाईंच्या खानावळीपर्यंत शब्द कसा आला, ते सरांकडूनच ऐकायचं होतं. मी वर्गात काही बोलले नाही.

आता डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली आहे. रोज थोडंच. पहिल्या दिवशी सगळे वेळेआधी जमले. सर फळ्यापाशी उभे राहिले, घसा साफ केला. आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता.

“अमिना, चहात साखर कमी आहे.”

“इतके दिवस तसाच पीत होतात.”

“इतके दिवस सांगता येत नव्हतं.”

मग मागचं सगळं निघालं. मीठ, पंखा, मेहुण्याचा फोन. बोलायचा वेळ त्यातच संपला. चाचींनी वाटी आणि चमचा त्यांच्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच.

“सर, नळातून माझी खानावळ कशी निघाली, ते राहिलं,” यमुनाबाई म्हणाल्या.

एक ठोका.

फळ्यावर नळ आहे, थेंब आहे, अर्धा बाण आहे. वर्ग सुटल्यावर यमुनाबाई फळा पुसतात. तेवढा कोपरा सोडून.