आखाजीला दिलेली सायकल

पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला, की मला कॉलेजच्या वर्षांतली ती आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठवते. चार दिवसांवर धुळ्याची तिहेरी शर्यत होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. रोज पहाटे विहिरीत पोहून मी ओल्या अंगानेच एरंडोलच्या रस्त्याला सायकल काढायचो. जुनीच होती, पण सुट्टीभर हमाली करून, दुकानदाराशी भांडून घेतलेली. सणाला माहेरी आलेल्या बहिणीला न्यायला मेहुणे आले, आणि आमरस ओरपता ओरपता त्यांनी ती सायकलच मागितली. "शर्यत होऊ द्या, मी स्वतः आणून देतो," मी घासाघीस केली. "पळाले दोन पाय शेतस ना तुले?" पळायला पाय आहेतच की, म्हणत मेहुणे हसले. मी भडकलो, तसे वडील ओरडले, "आखाजीले जवाईले नही म्हनतस का? देई टाक!" बहीण खाली बघत गप्प राहिली, तिला त्याच घरी नांदायचं होतं. चाकांत हवा मीच भरून दिली. ती कॅरियरवर बसून गेली, तिने मागे पाहिलं नाही. शर्यतीच्या दिवशी मी विहिरीवरही गेलो नाही. आज भाव करताना मला कोणी हरवत नाही. वडील गेले, मेहुणेही गेले. पण माझ्या बाजूचा तो एक शब्द बहीण कधीतरी बोलेल, म्हणून मी अजून थांबलो आहे.